तुमची बाजू मांडायची राहिली

इस्माईलभाई, काल शुक्रवार होता. असरची नमाज झाली की तुम्ही मशिदीतून थेट कॅफेटेरियावर येता, म्हणून मी साडेतीनच्या आधीच दोह्याच्या नजमा भागात पोचलो. गाडी लावायला जागा मिळेना. दोन गल्ल्या फिरलो, उशिरावरून तुम्ही टोमणा माराल म्हणून चिडचिडलो, आणि गाडी बंद केल्यावर आठवलं की तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तरी गेलो. मल्याळी मालकाने न विचारता दोन करक चहा आणून ठेवले. त्याच्या लक्षात आलं तेव्हा एक उचलायला तो पुढे झाला, मी राहू दे म्हणालो. दोन्ही मीच प्यायलो. दुसरा पार गार झाला होता.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, कतारमध्ये कधी आलात, हे मी इथे लिहिणार नाही. ते तुमच्या कंपनीने नोटीस बोर्डावर लावलं आहे. त्यात तुमचं पद स्टोअरकीपर असं आहे आणि ते बरोबरच आहे. पण मला जो माणूस ठाऊक आहे तो माझ्याशी चार वर्षं आयर्लंडवरून भांडला. रत्नागिरीचा एक मुसलमान आणि नाशिकचा एक बामण, दोघांपैकी कोणीही त्या देशात पाऊल टाकलेलं नाही, आणि दर शुक्रवारी कॅफेटेरियाच्या एसीने बाहेर फेकलेल्या गरम वाऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून दोघं तिथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या करारावरून एकमेकांना मूर्ख ठरवतात. माझी बायको म्हणायची, तुम्हा दोघांना कामधंदा नाही. खरं तर आम्हाला दुसरं बोलायला कोणी नव्हतं. आणि आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुम्हाला माहीत होती, मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे, आणि तरी तुमच्या तोंडावर ती बोलण्याची हिंमत मला झाली नाही.

आधी ते खोकं आठवू द्या. आमच्या ऑफिसातला आयरिश कन्सल्टंट कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने पुस्तकांचं एक खोकं पॅन्ट्रीत ठेवलं आणि ज्याला हवं त्याने न्या म्हणून सांगितलं. आठवडाभर कोणी हात लावला नाही. मला फुकट पुस्तक सोडवत नाही, म्हणून मी ते गाडीत टाकलं. त्याच संध्याकाळी लॅपटॉप दुरुस्तीला नजमात आलो होतो, चहा पीत बायकोशी फोनवर मराठीत वाद घालत होतो, आणि त्यातलं आयर्लंडच्या इतिहासाचं एक पुस्तक टेबलावर पडलं होतं. शेजारच्या टेबलावरचे तुम्ही माझा फोन संपायची वाट बघत होतात. फोन ठेवल्या ठेवल्या तुम्ही विचारलंत, "ह्यांचा दुष्काळ वाचलाव काय?" नाव नाही, गाव नाही, पहिलं वाक्य दुष्काळ. मी म्हणालो, अजून उघडलंही नाही. तुम्ही म्हणालात, मग मी नेतो, पुढच्या शुक्रवारी सांगतो.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही खरंच आलात, आणि पुस्तकात बसच्या तिकिटांच्या खुणा घालून आलात. बटाट्यावर कीड पडली, लाखो माणसं मेली, हे मी शाळेत कुठेतरी वाचलं होतं. मी म्हणालो, निसर्गापुढे कोणाचं काय चालतं. तुम्ही इतके खवळलात की आजूबाजूचे बघायला लागले. बटाटा गेला, पण धान्य होतं, जनावरं होती, आणि ती भरून जहाजं त्याच बंदरांतून बाहेर जात होती, असं तुम्ही पानं उलटून दाखवलंत. आणि मग तुमचं ते वाक्य, जे मी नंतर ऑफिसात स्वतःचं म्हणून खपवलं: गोदामात माल असताना माणूस उपाशी मेला तर त्याला दुष्काळ म्हणू नये, ज्याच्या हातात किल्ली होती त्याचं नाव घ्यावं. आयुष्यभर गोदामाची किल्ली सांभाळलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. मी बारा वर्षं पाइपलाइनी मोजतोय, मला कधी सुचलं नसतं.

पण आयर्लंडच का, हे आपण एकमेकांना कधी विचारलं नाही. मला ते दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं आणि तुम्हाला बहुधा पहिल्याच दिवशी. आपल्या स्वतःच्या इतिहासावर तुम्ही आणि मी बोलू शकत नव्हतो. म्हणजे बोलता आलं असतं, पण प्रत्येक वाक्य टाकण्याआधी समोरच्याचा चेहरा बघावा लागला असता. आयर्लंड दोघांच्याही बापाचं नव्हतं. तिथे फाळणी होती, धर्मावरून दंगे होते, परकी सत्ता होती, घरातल्या घरात फितुरी होती, आणि त्यातल्या कशावरूनही आपल्यापैकी कोणाचं मन दुखणार नव्हतं. त्या बेटाच्या उत्तरेबद्दल तुम्ही बोलायचात तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे कुठलं गाव आहे हे मला कळायचं. माझंही तुम्हाला कळत असणार. दोघंही मूग गिळून होतो आणि तरी सगळं बोलत होतो.

आणि तुमचा तो नियम. या शुक्रवारी ज्याने जी बाजू घेतली, त्याने पुढच्या शुक्रवारी उलटी बाजू घ्यायची. मला वाटलं गंमत आहे. पहिल्यांदा मला इंग्रज सरकारच्या बाजूने उभं राहून दुष्काळाचं समर्थन करावं लागलं तेव्हा मी अडखळत दहा मिनिटांत गप्प झालो. तुम्ही म्हणालात, आता कळलं का, शिव्या घालणं सोपं असतं. तुम्हाला मात्र कुठलीही बाजू द्या, तुम्ही तिच्यात शिरून तिच्यासारखे बोलायचात. त्या किनाऱ्यावरच्या बाईच्या वेळी तर तुम्ही मला दोन्ही शुक्रवारी हरवलंत.

ती आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची दर्यावर्दी बाई, स्वतःची गलबतं चालवणारी, इंग्रजांच्या राणीला भेटायला लंडनपर्यंत गेलेली. दोघी बंद दाराआड काय बोलल्या हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. ती चाचा, म्हणजे समुद्रावरची लुटारू, होती की सरदार, यावरून आपली जुंपली तेव्हा तुम्ही म्हणालात, अशा प्रश्नाचा निकाल खुर्चीत बसून लागत नाही, समुद्र बघायला पाहिजे. म्हणून पुढच्या शुक्रवारी मी तुम्हाला घेऊन अल रुवैसला गेलो. तुमच्या सुरुवातीच्या नोकरीचं बंदर. धक्क्यावर मासेमारीच्या होड्या बांधलेल्या होत्या, जाळी वाळत होती, आणि तुम्ही प्रत्येक होडीचा बांधा बघत नातेवाइकांकडे आल्यासारखे चालत होतात. तुम्ही म्हणालात, आपल्या कोकणच्या आरमारालासुद्धा इंग्रज चाचेच म्हणायचे. चाचा की सरदार, ते बघणारा कुठल्या किनाऱ्यावर उभा आहे त्यावर ठरतं. मी म्हणालो, मग इतिहासात खरं-खोटं काही उरतच नाही. तुम्ही म्हणालात, उरतं की, पण त्यासाठी दोन्ही किनाऱ्यांवर उभं राहायची तयारी लागते, तुमच्यासारखा बूट भिजेल म्हणून मागे सरणारा माणूस काय कामाचा. मी खरंच मागे सरलो होतो. नवे बूट होते.

तिथेच तुम्ही ते भाषण म्हणून दाखवलंत.

भाषणाची कल्पना माझीच. रय्यानच्या आमच्या कंपाउंडमध्ये महिन्यातून एकदा मराठी कुटुंबं जमतात, गाणी होतात, खाणं होतं. मी तुम्हाला म्हणालो, या वेळी तुम्ही बोला, वीस मिनिटं, घर सोडून गेलेल्या माणसांबद्दल. तुम्ही नाही नाही म्हणत होतात, इंग्लिश मीडियमची पोरं, मोठे मोठे सायब लोक, मी काय बोलणार. पण दोन आठवड्यांत तुम्ही वहीची तीस पानं भरलीत. माझी मुलगी घरी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्येच उत्तर देते, पण तिने तुमच्यासाठी चार्ट पेपरवर आयर्लंडचा नकाशा काढला आणि बंदरं लाल रंगवली. मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही दोनदा विचारलंत, लाल रंगात का.

रुवैसच्या धक्क्यावर तुम्ही टोपी काढून खिशात ठेवलीत आणि उभे राहून चाळीस मिनिटं बोललात. मी फोनवर वेळ लावली होती आणि वीस मिनिटं झाल्यावर बंद केली. आयर्लंडमधून कोणी अमेरिकेला निघालं की जाण्याआधी घरचे, शेजारचे जमायचे आणि मयताच्या घरी बसावं तसे त्याच्याजवळ बसायचे. गायचे, हसायचे, रडायचे. कारण गेलेला माणूस पुन्हा दिसायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. जिवंत माणसाचं मयत, असं तुम्ही म्हणालात. मग तुमच्या खाडीकाठच्या गावातून आफ्रिकेला गेलेले, बोटीवर गेलेले, आणि शेवटी आपण, विमानातून सुट्टीला जाणारे-येणारे, ज्यांचं मयत कोणी करत नाही म्हणून ज्यांना आपण जिवंतच आहोत असं वाटत राहतं. मी इंजिनिअर माणूस, मला पटकन भरून येत नाही. त्या दिवशी मी होड्यांकडे बघत राहिलो आणि तुम्हाला म्हणालो, जरा कापा, लांबतंय.

आता ती गोष्ट. जमण्याच्या चार दिवस आधी आमच्यातल्या एकाने मला बाजूला घेतलं. चांगला माणूस आहे, माझ्या आजारपणात त्याने डबे पोचवले आहेत. तो म्हणाला, "अरे, इतिहास कशाला? आणि त्यांच्याकडून? मुलं असतात, उगाच काहीतरी विषय निघेल." आवाजात राग नव्हता, काळजीच होती. मी तुमची बाजू मांडू शकलो असतो. चार वर्षं दर शुक्रवारी मी दुसरं केलं काय होतं. मी म्हणालो, ठीक आहे. एवढंच. आणि तुम्हाला फोन करून सांगितलं की हॉल मिळाला नाही, कार्यक्रमच रद्द झाला.

कार्यक्रम रद्द झाला नव्हता, इस्माईलभाई. अंताक्षरी झाली, मिसळ झाली, मी दोन वेळा वाढून घेतली. मुलीने एकदाच विचारलं, "इस्माईल अंकल नॉट कमिंग?" आणि नकाशा गुंडाळून खोलीत नेला. कोणीतरी फोटो टाकले. तुमच्या रूममधला तो दापोलीचा पोरगा आमच्यातल्या एकाकडे कामाला जातो हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. तुम्ही फोटो पाहिले असणार. फोटोत मी मध्यभागी आहे, हातात माईक.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी नजमात आलो. तुम्ही काही विचारलं नाहीत. चहा आला, आणि तुम्ही विषय काढलात तो कराराचा. इंग्रजांशी बोलणी करायला लंडनला गेलेला तो तरुण सेनानी, ज्याने अर्ध्यामुर्ध्या स्वातंत्र्यावर सही केली, बेट तुटलेलंच ठेवून घरी आला, आणि वर्षाच्या आत आपल्याच माणसांच्या गोळीला बळी पडला. ती गोळी नक्की कोणाची यावर अजून वाद आहेत. त्याला धाडणारा मोठा नेता स्वतः का गेला नाही हे दुसरं कोडं. तुमचा तो आवडता विषय, पण तुम्ही नेहमी सही करणाऱ्याला आधी झोडायचात. त्या दिवशी तुम्ही त्याची बाजू घेतलीत.

आणि काय घेतलीत. तो एकटा होता म्हणालात. समोर बसलेले बलदंड होते, सही नाही तर युद्ध असं धमकावत होते. माणूस घाबरतो. घाबरलेल्या माणसाने सही केली तर सहीकडे बघू नये, त्याने आयुष्यभर काय केलं ते बघावं. मी मुद्दाम विरोध केला, आवाज चढवला, म्हणालो, फितूर तो फितूर. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि सावकाश म्हणालात, "फितूर नाय ओ, श्रीकांतराव. भित्रा. भित्र्याला माफी असते."

मला कळलं. तिथेच, त्या खुर्चीत. तुम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल बोलत नव्हतात. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता आणि मी घड्याळ बघून म्हणालो, ट्रॅफिक लागेल, यल्ला, निघतो.

पुढच्या शुक्रवारी नियमाप्रमाणे तुम्ही उलटी बाजू घेणार होतात. सही करणाऱ्याला तुम्ही आरोपी करणार होतात, आणि मला त्याचं समर्थन करावं लागणार होतं. तुमची जीभ मला माहीत आहे. तुम्ही सोडलं नसतंत. मी मेसेज केला, ऑफिसचं काम आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, पाहुणे आहेत. तुम्ही दोन्ही वेळा अंगठा पाठवलात. बुधवारी सकाळी तुमच्या दापोलीच्या पोराचा फोन आला की तुम्ही कामावर जायला उठलाच नाहीत.

माझी हाव ऐका. मला तुमची माफी नको आहे, ती तुम्ही देऊन गेलात. मला तो दुसरा शुक्रवार हवा आहे. तुम्ही समोर बसून बोट नाचवत मला सांगायला हवं होतं की ज्याच्या हातात किल्ली होती तो मी होतो. तो शुक्रवार मीच तुमच्याकडून काढून घेतला, आणि आता दर आठवड्याला तोच मागतोय. ऑफिसात लिफ्टची वाट बघताना मी तुमचे मुद्दे तुमच्या आवाजात मांडून बघतो. जमत नाही. तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडायचात, मला तुमची कधी तितकी आली नाही.

दफनाला मी आलो होतो. ऊन होतं, मी मागे उभा होतो. कुठे उभं राहावं हे मला कळत नव्हतं. तुमच्या एका साथीदाराने मला हाताला धरून पुढे आणलं आणि माती टाकायला सांगितलं. घरून फोनवर परवानगी आली होती, इथेच करा म्हणून. गावी न्यायचं म्हटलं तर किती दिवस लागतील कोणी सांगत नव्हतं. दोन्ही किनाऱ्यांवर उभं राहणारा माणूस शेवटी या किनाऱ्यावर राहिला.

काल चहा पिऊन झाल्यावर मी गाडीत बसून तुमच्या घरी फोन लावला. भाभींशी मी यापूर्वी कधी बोललो नव्हतो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, धीर धरा वगैरे. त्यांनी मला चार वाक्यंही बोलू दिली नाहीत. त्यांना तुमच्या भाषणाबद्दल बोलायचं होतं. तुम्ही त्यांना सांगितलं होतंत की भाषण झालं. पन्नास माणसं होती, सायब लोक उठून हात मिळवायला आले, आणि एका लहान मुलीने आयर्लंडचा नकाशा काढून आणला होता, बंदरं लाल रंगात. भाभींनी ते मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं होतं. आता त्या मला विचारत होत्या, तुमी तिकडे व्हतात ना, कसा झाला ता सांगा.

बाहेर मशिदीसमोर गाड्या निघत होत्या. मला हो म्हणता आलं असतं. धक्क्यावर ऐकलेलं सगळं मला पाठ होतं, टाळ्या तेवढ्या माझ्या घालाव्या लागल्या असत्या. तुम्ही माझी लाज भाभींपासूनसुद्धा लपवलीत आणि ती लपवून ठेवण्याची सोयही करून गेलात.

मी म्हणालो, "भाभी, भाषण झालंच नाही. लोक नको म्हणाले आणि मी गप्प बसलो. त्यांना खोटं सांगितलं की कार्यक्रम रद्द झाला."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं फोन ठेवतील. मग त्यांनी विचारलं, त्यांना म्हाईत व्हता काय. मी हो म्हणालो.

"वायट केलाव तुमी," त्या म्हणाल्या. "लय वायट केलाव." रडत नव्हत्या. चिडल्या होत्या, माझ्यावर, आणि मला वाटतं तुमच्यावरही. मी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, काय बोलनार व्हते ता तरी सांगा आता.

मी सांगितलं. गाडी बंद होती, काच खाली केली होती, घामाने शर्ट चिकटला होता. जहाजं, निघणाऱ्याजवळ बसलेलं घर, गाणी, रडणं, जिवंत माणसाचं मयत, तुमच्या खाडीवरून गेलेली माणसं. तुमचा एकही शब्द कापला नाही. चाळीस मिनिटं लागली. त्या मधूनमधून हां म्हणत होत्या. शेवट झाल्यावर त्यांनी विचारलं, "गेलेल्यांचा सगळा सांगितलाव. जे घरात रवले, त्यांचा काय झाला? ता नाय लिवलेला पुस्तकात?"

मी आठवून बघितलं. सगळी पुस्तकं, तुमची वही, चार वर्षांचे शुक्रवार. कोण गेला, कोणी धाडला, कोणी सही केली, कोणी गोळी घातली, यावर आपण घसा बसेपर्यंत भांडलो. दार लावून जी मागे राहिली तिच्या बाजूने तुम्ही बोलला नव्हतात आणि मीही नाही. आपल्या दोघांच्या नियमात ती बाजूच नव्हती. मी म्हणालो, नाही भाभी, ते कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही.

"मग मी सांगतंय," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्सा रवलंय मी ह्या घरात. लिवून घ्या."

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून साइटची डायरी काढली आणि पेन शोधलं. त्या तुम्ही पहिल्यांदा निघालात त्या सकाळपासून सुरू झाल्या. मी लिहीत गेलो, इस्माईलभाई, आणि एकदाही मध्ये बोललो नाही.